घरचे तीस रुपये

पत्ते खेळणाऱ्याचं काळीज घट्ट असावं लागतं असं म्हणतात. माझं तसं कधीच नव्हतं. साहेबाने नुसती हाक मारली तरी माझ्या तळहातांना घाम सुटायचा. टपालवाला चाळीच्या जिन्याशी थांबला की गावाकडे कोणी गेलं की काय, असं आधी मनात यायचं. तरीही पंचविशीच्या सुमाराला मी दर रविवारी लालबागहून गिरगावापर्यंत पायी जाऊन पैशांवर पत्ते खेळत होतो. आज हे सांगितलं तर घरातल्या कोणाला खरं वाटत नाही.

मी तेव्हा परळच्या एका कापडगिरणीच्या भांडारात कारकून होतो. पट्टे, बॉबिनी, तेलाचे डबे यांची आवक-जावक लिहायची, आणि संध्याकाळी कुलूप लागलं की घरी जायचं. पगार अठ्ठावीस रुपये. लालबागेत एका चाळीत आमची एक खोली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायको नुकतीच रत्नागिरीकडून मुंबईत राहायला आली होती.

खेळ मला शिकवला एका म्हाताऱ्या गोवेकराने. तो तीस वर्षं विलायतेच्या बोटींवर बटलर होता. नोकरी सुटल्यावर गिरगावातल्या एका ख्रिस्ती वाडीत तो एकटाच राहायचा, आणि आमच्या साहेबाच्या बंगल्यावर मेजवानी असली की वाढपाला यायचा. एकदा मी बंगल्यावर कागद घेऊन गेलो, तेव्हा तो मागच्या व्हरांड्यात बसून पत्ते पिसत होता. पानं त्याच्या हातात पाण्यासारखी वाहत होती. मी बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "बोटीवर अमेरिकन लोक खेळतात, पोकर म्हणतात. ये रविवारी, शिकवतो. शिकायला पैसे पडत नाहीत. पैसे नंतर पडतात."

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला पाच पानं. नको असतील ती एकदा बदलून घ्यायची. मग ज्याला वाटेल त्याने पैसे लावायचे, दुसऱ्याने तेवढेच लावायचे, किंवा वाढवायचे, किंवा पानं खाली टाकून मोकळं व्हायचं. हातात काही नसताना नुसता दम देऊन समोरच्याला पानं टाकायला लावता येतं, आणि खरा खेळ तोच. बटलरच्या घरी आम्ही चौघे बसायचो: तो, मी, त्याच वाडीतला एक शिंपी आणि गोदीतला एक मुकादम. दुपारी जेवणं झाली की सुरू, आणि तिन्हीसांजेला त्यांच्या देवळाची घंटा झाली की बंद. डाव आण्या-दोन आण्यांचे. म्हणजे बुडून बुडून माणूस किती बुडणार?

मी पहिल्या दोन महिन्यांत अकरा रुपयांना बुडालो.

बायकोला कळलं ते माझ्या तोंडून नव्हे. मी सुपारी सोडली होती, छत्री दुरुस्त करायची टाळत होतो, आणि पगारातून दंड कापला म्हणून दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा मी दंडाचं नाव काढलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दर महिन्याला दंड करणारा साहेब माणसाला कामावर ठेवील कशाला?"

मी सगळं सांगून टाकलं. ती रडेल, माहेरी जाईन म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने भाकरी उलटली, शेकली, ताटात घातली, आणि मग विचारलं, "सोडवणार आहे का तुमच्याने?"

"सोडतो," मी म्हणालो.

"तसं नव्हे. खरं सांगा."

आठवडाभर मान खाली घालून जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रविवारच्या त्या दुपारी काय मिळायचं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चौघांत बसलो की माझ्या भीतीचा उपयोग व्हायचा. समोरचा घाबरलाय का, हे मला इतरांच्या आधी ओळखू यायचं.

दुसऱ्या दिवशी तिने खणाच्या तुकड्याची एक लहान पिशवी शिवली. शेजारणींना पापड, सांडगे, कुळथाचं पीठ करून विकायची, त्यातून साठवलेले दहा रुपये तिने त्या पिशवीत घातले आणि ती देवांच्या फळीमागे खिळ्याला अडकवली.

"हे तुमच्या खेळाचे," ती म्हणाली. "पगाराला हात लावायचा नाही. रविवारी यातला एक रुपया न्यायचा. तो गेला की उठायचं, मग घंटा होवो न होवो. पिशवी रिकामी झाली की खेळ संपला. आणि भरली तर वाढवून देईन."

"आणि जिंकून आणलेले?"

"ते पिशवीत. घरात नको. घरात आले की त्यांची सवय लागेल."

ती शिकलेली नव्हती, पण तिच्या वडिलांचा गावी मचवा होता. खलाशांना आगाऊ किती द्यायचं आणि वादळाच्या वर्षासाठी किती मागे ठेवायचं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

त्या दिवसापासून माझा खेळ बदलला. खिशात एकच रुपया असला की माणूस फुकटचा प्रत्येक डावात शिरत नाही. मी पानं टाकायला शिकलो. तास तास नुसता बघत बसायचो आणि हात चांगला असला तरच पैसे लावायचो. पण भीती काही गेली नाही. रविवारी भायखळ्याच्या भाजीबाजाराजवळून जाताना मी खिशातला रुपया चार वेळा चाचपून बघायचो. परतताना हरलेलो असलो तर घर जवळ येईल तशी चाल मंदावायची. घरी गेल्यावर ती किती गेले असं कधी विचारायची नाही. विचारायची, "कसे गेले?" मग मला सगळा डाव सांगावा लागायचा. मी काय धरलं होतं, शिंप्याने किती पानं बदलली, मुकादम कधी हसला. "हसला तेव्हाच टाकायची होतीत," ती म्हणायची, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

दोन वर्षांत पिशवीत एक्केचाळीस रुपये झाले. एकाचे दोन रुपये न्यायची परवानगी तोवर मला मिळाली होती. त्याच वर्षी तिला दिवस गेले आणि त्याच वर्षी मांडवीच्या बाजूला गाठीचा ताप आला.

पहिल्यांदा ती ऐकीव गोष्ट होती. मग बाजूच्या चाळीत उंदीर मरून पडू लागले. मग आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरचं एक कुटुंब पहाटे बोचकी बांधून गेलं, आणि पंधरा दिवसांत निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. चुना मारलेल्या भिंतींचा वास सगळीकडे भरला होता. रोज सकाळी मी स्वतःच्या काखेत, जांघेत हात घालून गाठ आहे का बघायचो, मग झोपलेल्या बायकोच्या कपाळाला हात लावायचो. गिरणीत निम्मे साचे म्हणजे माग बंद पडले. साहेबाने आम्हा कारकुनांना बोलावून सांगितलं, जो गावी जाईल त्याने परत येऊ नये.

म्हणून ठरलं की तिने एकटीने रत्नागिरीला जायचं आणि मी मागे राहायचं. सातवा महिना लागला होता. गावची एक म्हातारी सोबतीला होती. बोट बुधवारची. तिकीट, पुढचा प्रवास, बाळंतपण आणि चार-सहा महिन्यांचं खाणंपिणं यासाठी आम्ही तीस रुपये बाजूला काढले होते. ते ट्रंकेच्या तळाशी तिच्या लुगड्यात गुंडाळलेले होते. मी रोज हिशेब करायचो आणि रोज ते तीस रुपये अपुरेच पडायचे. सासरे वारले होते, मचवा मेव्हण्याने विकला होता. दाई कमी-जास्त म्हणाली तर? डॉक्टर आणावा लागला तर? गिरणी बंदच पडली आणि माझा पगार थांबला तर?

त्या आठवड्यात बटलर मला बंगल्याच्या फाटकाशी भेटला. शिंपी वसईला पळाला होता, मुकादमाचा पत्ता नव्हता. "रविवारी एक कापसाचा दलाल येतोय," तो म्हणाला. "त्याचा क्लब बंद झालाय, करमत नाही. पैसे उधळतो. पण बाबा, त्याचा खेळ रुपयांचा आहे, आण्यांचा नाही. तू नको बसूस. मी आपलं सांगून ठेवतो."

त्याने सांगितलं बसू नको म्हणून, आणि माझ्या कानात राहिलं ते फक्त पैसे उधळतो.

रविवारी बायको चाळीच्या टोकाच्या खोलीत एका शेजारणीचा निरोप घ्यायला गेली होती. मी पिशवी खिळ्यावरून काढली, सबंध. दोन रुपये नव्हे, एक्केचाळीस. मग ट्रंक उघडली. खरं सांगायचं तर ते पैसे खेळायचे असं मी ठरवलं नव्हतं. नुसते जवळ असू देत, म्हणजे धीर राहील, असं मी स्वतःला सांगितलं. लुगडं होतं तसं घडी करून ठेवलं.

रस्त्याने माणूस नव्हता. भायखळ्याला भाजीच्या चार पाट्या मांडलेल्या होत्या. एका प्रेतामागे फक्त तिघे चालले होते. मी उपरण्याने तोंड झाकून घेतलं आणि दोन्ही हात खिशांवर ठेवून चाललो.

दलाल माझ्या वयाचाच होता. रेशमी कोट, पान खाऊन लाल झालेले ओठ, बोलायला गोड. आम्ही तिघेच बसलो. बटलरच्या घरचा नियम होता: मेजावर पुढ्यात मांडलेले असतील तेवढ्याच पैशांवर खेळायचं. खिशातून आणखी काढायचे तर पानं वाटण्याआधी काढायचे, मधेच नाही. तो नियम गरिबाला सांभाळणारा होता. समोरचा कितीही श्रीमंत असला तरी तुमच्या पुढ्यात जेवढे, तेवढ्यातच तो तुम्हाला गाठू शकायचा.

तासाभरात माझ्या एक्केचाळीसचे बावीस झाले. मोठा मार एकही बसला नव्हता. थोडे थोडे गेले. दलाल प्रत्येक डावात वाढवायचा आणि मी टाकत होतो. दोन वर्षं मी चांगला खेळलो होतो, तो खेळ त्या दिवशी मला सापडेना. प्रत्येक रुपया मेजावर ठेवताना मला दाईचा चेहरा दिसत होता, आणि दाई तर मी पाहिलेलीही नव्हती.

मग पुढची पानं वाटायच्या आधी मी आतल्या खिशात हात घातला आणि घरचे तीस रुपये बावीसच्या शेजारी मांडले. का मांडले, मला सांगता येणार नाही. पुढ्यातली रास एवढीशी दिसत होती, ती मोठी दिसावी, बहुतेक एवढंच. बटलरने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दिली नाही.

पानं आली. दोन गुलाम, दोन नव्व्या आणि एक भलतंच पान. ते बदललं, तर तिसरा गुलाम आला. तीन गुलाम, दोन नव्व्या. एवढा मोठा हात मला दोन वर्षांत तीनदा आला असेल. बटलरने पानं टाकली. दलालाने एकही पान बदललं नाही. "मला आहेत ती पुरे," म्हणाला.

मी पाच लावले, त्याने दहा केले. मी वाढवले, त्याने आणखी वाढवले. माझे बावीसच्या बावीस मध्ये गेले. मग त्याने आपल्या पुढ्यातली रास दोन्ही हातांनी पुढे ढकलली आणि हसून म्हणाला, "आणि हे तुमचे तीस."

एकही पान न बदलणारा माणूस वाटलेल्या पानांवर खूष असतो. पण माझ्या हाताला मारणारे हात फार थोडे, हे मला माहीत होतं. ते माहीत असून माझ्या डोळ्यांपुढे पानं नव्हती. मला बुधवारची बोट दिसत होती, आणि ती माझ्या बायकोला न घेता चालली होती. कानात घूं घूं आवाज येत होता. बटलरने दोनदा विचारलं, "काय करतोस?"

मी पानं खाली टाकली.

दलाल मोठ्याने हसला आणि आपली पानं उताणी केली. दोन सत्त्या, बाकी भरताड. "शेटजी घाबरले!" तो म्हणाला आणि रास ओढून घेतली. त्यात काही दुष्टपणा नव्हता. त्याच्या दृष्टीने ती एक गमतीची दुपार होती.

मी तीस रुपये गोळा केले. एक नाणं मेजाखाली पडलं, ते बटलरने वाकून मला दिलं. दाराशी येऊन म्हणाला, "सांगितलं होतं बाबा." एवढंच. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्या दिवसांत कोणी कोणाच्या पाठीवर ठेवत नव्हतं.

घरी आलो तर ट्रंक उघडी होती आणि बायको तिच्यासमोर जमिनीवर बसली होती. पाय लांब केलेले, पाठ भिंतीला. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी तीस रुपये तिच्या पुढ्यात ठेवले. तिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि मग तिचा श्वास सुटला.

"पिशवी?"

"गेली."

"कशी गेली?"

त्याही वेळी तिने तेच विचारलं. मी सगळं सांगितलं, पहिल्या डावापासून. घरचे पैसे कधी मांडले तेही. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं थकून झोपली. मग म्हणाली, "तुमच्या पुढ्यात हे तीस नसतेच, तर काय झालं असतं?"

मी विचार केला. "तर माझे बावीस मध्ये गेल्यावर त्याला पुढे वाढवता आलं नसतं. पानं उघडावी लागली असती."

"मग?"

"मग मी जिंकलो असतो."

"म्हणजे दलालाने नाही हरवलं तुम्हाला," ती म्हणाली. "या तिसांनी हरवलं." मग तिचा आवाज फुटला. "एक्केचाळीस गेले त्याचं नाही हो मला. मी ट्रंक उघडली, लुगडं नीट घडी केलेलं होतं. चोर असता तर त्याने घडी केली नसती. तुम्हीच नेलेत ते मला घडीवरून कळलं, आणि मग मी इथे बसून तुम्ही हरताय असं बघत होते. एकटीच. दुपारभर."

मी तिचे पाय धरायला वाकलो, तिने ते ओढून घेतले. त्या संध्याकाळी आम्ही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मंगळवारी तिने माझ्यासाठी महिनाभराचं मेतकूट आणि लोणचं डब्यांत भरलं, कुठल्या डब्यात काय ते दोनदा सांगितलं, आणि मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

बुधवारी धक्क्यावर डॉक्टर प्रत्येकाची नाडी बघून मगच बोटीवर सोडत होता. कोणाचं अंग जरा गरम लागलं की त्याला बाजूला काढत होते. रांगेत ती माझ्या पुढे होती. चालून चालून तिचा चेहरा लाल झाला होता आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. डॉक्टरने तिचा हात धरला, सोडला, पुढे हो म्हणाला. ती फळीवरून चढली. मागे वळून बघेल असं वाटलं होतं, पण त्या गर्दीत तिला पाय सांभाळायचे होते.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते लिहीत बसलो तर वेगळंच पुस्तक होईल. भांडारात काम नव्हतं, पण रोज जाऊन बसावं लागे. रविवारी सवयीने पाय गिरगावाकडे वळायचे. दलाल मुंबई सोडून गेला होता. बटलर आणि मी दोघेच बसायचो आणि चिंचोक्यांवर खेळायचो. चिंचोक्यांवर मी फार सुरेख खेळलो. एकदा दम देऊन मी त्याच्या हातून तीन राजे टाकवले, तेव्हा म्हातारा म्हणाला, "त्या दिवशी हा माणूस कुठे होता?" चैत्रात तोही आपल्या बहिणीकडे म्हापशाला गेला. जाताना त्याने मला त्याचे बोटीवरचे पत्ते देऊ केले. मी घेतले नाहीत.

पैशांवर मी पुढे नऊ वर्षं खेळलो नाही. नंतर पुन्हा खेळलो, थोडंसं, पेन्शनीत निघालेल्या लोकांबरोबर, आणि खिशात त्या दिवसाच्या खेळापलीकडचा एक पैसासुद्धा न ठेवता. ट्रामचे पैसेही बरोबर घ्यायचो नाही. येताना चालत यायचो.

तोच चैत्र संपता संपता पत्र आलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. डॉक्टर आणावा लागला नव्हता. तिसातले साडेचार रुपये उरले होते आणि तिने ते कशाला ठेवलेत ते लिहिलं नव्हतं. पत्र गावच्या मास्तरांच्या हातचं होतं, त्यामुळे त्यात बायकोचं असं फार थोडं होतं. मी ते शोधायला चार वेळा वाचलं.

पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमेनंतर त्या सुरू झाल्या आणि पुढच्या पंधरवड्यात ती परत आली. मी पहाटेपासून धक्क्यावर उभा होतो. आलेल्या माणसांना एका पत्र्याच्या छपरीत तपासायला नेलं आणि तासभर कोणी बाहेर येईना. आत एक मूल सारखं रडत होतं. ते आपलंच आहे असं मी धरून चाललो, आणि रडतंय म्हणजे ताप असणार, असंही. फाटकावरच्या शिपायाला मी इतक्या वेळा विचारलं की तो चिडून म्हणाला, "अहो, रडतंय ते बरंय. न रडणाऱ्याची काळजी करावी."

शेवटी ती बाहेर आली. वाळली होती. कडेवर एक काळीभोर, जावळ वाढलेली मुलगी, गाढ झोपलेली. रडणारं मूल दुसऱ्याच कोणाचं होतं. बायकोने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हाडं राहिलीत नुसती. लोणचं संपलं कधी?"

"फाल्गुनात," मी म्हणालो.

"मग कळवायचं नाही?" असं म्हणून तिने मुलगी माझ्याकडे दिली आणि बोचकं उचलायला वळली. मी मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. थंड होतं. थोडं पुढे जाऊन पुन्हा एकदा हात लावून बघितला.